दुसरा घाव

मनगटाचं हाड मोडतं तेव्हा होणारा आवाज मला ओळखता येतो. कोरडा असतो तो. छिन्नीखाली संगमरवराची कड चुकून उडते तेव्हा तसाच आवाज होतो, आणि उडालेली कड परत बसत नाही. परळच्या एका गल्लीत मी लाद्यांवर अक्षरं कोरतो. दारावरच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, कबरींचे दगड. आठवीत शाळा सोडलेला माणूस दिवसभर अक्षरांत बसतो, याचं मला अजून हसू येतं. एका मे महिन्यात मी माझ्या हातोडीनं एका माणसाचं मनगट मोडलं. दोन घाव घातले. हे लिहितोय ते दुसऱ्या घावाबद्दल.

गाव माझं नगर जिल्ह्यात. माझा आजा दुष्काळात ख्रिस्ती झाला. मिशनकडून गहू आणि दुधाची पावडर मिळायची, म्हणून गावातली पोरं आम्हाला ‘दूधपावडर’ म्हणायची. मास्तरही म्हणायचे. एकदा मी मास्तरांना उलट बोललो, तर त्यांनी डस्टर फेकून मारलं. भुवई फुटली. रक्त पुसत घरी आलो, तर मास्तरांना उलट बोललो म्हणून बापानं पट्ट्यानं झोडपलं. त्याच भुवईवर पट्ट्याचं बक्कल लागलं. त्यानंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. मार खाणारा आणि मारणारा या दोनच जागा असतात, असं तेव्हा डोक्यात बसलं. अजूनही कुणी मोठ्यानं हाक मारली की माझा हात आधी भुवईवर जातो.

मुंबईत मला माणसं मात्र चांगली भेटली. शेठनं कारखान्यात झोपायला जागा दिली, हातात छिन्नी दिली. आणि मावशीनं जेवायला घातलं. मावशी म्हणजे समोरच्या चाळीत तळमजल्यावर राहणारी मालवणकडची बाई. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर ती डबे करून द्यायला लागली. मला ताप आला तेव्हा तिनं सात दिवस पेज पाजली आणि वर ऐकवलं, “मेल्या, मरूचा आसात तर तुज्या गावाक जावन मर. हयसर माजे डबे खोळंबतत.”

तिच्या खोलीच्या बाजूलाच, चाळीच्या तोंडाशी, एक दगडी क्रूस होता. पुरुषभर उंच, खाली तीन पायऱ्या. प्लेगच्या काळात इथल्या ख्रिस्ती गिरणी कामगारांनी उभा केला असं सांगतात. आता चाळीत ख्रिस्ती घरं चारच उरली होती, आणि रोज तिन्हीसांजेला क्रूसापाशी दिवा मावशीच लावायची. “खुरीस आमचो शेजारी,” म्हणायची. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, व्हायची, आणि रोझरी झाली की उकडलेले काळे चणे, वर ओलं खोबरं. चणे मावशीचे. त्यामुळे रोझरीला चार घरं आणि चण्यांना अख्खी चाळ अशी गर्दी असायची.

रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत आमच्यासारख्या बाहेरगावच्या कामगारांसाठी फादर वर्ग घ्यायचे. फादर वसईचे, साठीच्या पुढचे, बोलताना चष्मा हातात घेऊन फिरवायचे. एकदा त्यांनी विषय काढला की श्रद्धा ढकलून, मारून, आमिष दाखवून माणसाच्या आत घालता येत नाही, आणि घातली तर ती श्रद्धाच नव्हे. मी उभा राहिलो. “फादर, माझा आजा गव्हासाठी ख्रिस्ती झाला. मग माझी श्रद्धा खोटी का?”

“आजाची भूक आजाची,” फादर म्हणाले. “तू आज इथे कशाला आलास ते सांग.”

“पंख्यासाठी,” मी म्हणालो. “आमच्या कारखान्यात पंखा नाही.”

सगळे हसले, फादर सगळ्यात जास्त. मग चष्मा पुसत म्हणाले, “पंखा बंद केला तरी येशील का, हे तू ठरवायचं. ते मी ठरवू शकत नाही, सरकार ठरवू शकत नाही, तुझ्या बापालाही ठरवता येत नाही. माणसाच्या आत एक खोली असते. तिची कडी आतूनच लागते. बाहेरून लावायचा प्रयत्न आपल्या चर्चनंही केलाय, शेकडो वर्षं. माणसं जाळली त्यासाठी. हे विसरून दुसऱ्यांना स्वातंत्र्य शिकवायला जाऊ नका.”

चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सहा माणसं राहतात. आपली एक खोली आहे आणि तिची कडी आपल्या हातात आहे, हे ऐकून मला कितीतरी दिवस बरं वाटत राहिलं.

क्रूसाखालची जुनी लादी पायांनी आणि पाण्यानं झिजून गेली होती. नवी मी फुकट करून देतो म्हणालो. त्यावर काय कोरायचं यावर वर्गात वाद झाला. कुणी म्हणे देणगीदारांची नावं घाला. फादर म्हणाले, “देणगी एकच, याच्या हाताची. आणि तो नाव घालणार नाही.” शेवटी ठरलं ते असं: ‘या रस्त्याने जाणाऱ्या सर्वांसाठी’. तेव्हा शहरात क्रूस पाडल्याच्या बातम्या येत होत्या. फादरांचं म्हणणं होतं की आपला क्रूस वाचावा एवढंच मागितलं तर ते मालमत्तेचं भांडण झालं. कुणालाच देवापाशी जाताना भीती वाटू नये, हे मागायला रस्त्यावर उभं राहायचं.

लादी बसवली त्याच संध्याकाळी ते चौघे आले. उजेड होता अजून. बाकड्यावर बसून फादर माइकवर रोझरीचा चौथा टप्पा म्हणत होते. माझी हत्यारांची पिशवी पायरीपाशीच पडली होती, कारण लादीचा एक कोपरा मला नंतर घासायचा होता.

“ए, बंद कर ते,” पहिला म्हणाला. त्याच्या हातात नळाचा लोखंडी पाइप होता. “आज किती बाटवले? चणे खायला घालून बाटवता काय रे?”

“चणे माजे आसत,” मावशी म्हणाली. “तुका होये तर तूय खा.”

कुणीतरी घाबरून हसलं. त्या हसण्यानं त्याचं डोकं फिरलं असावं. पाइप माइकवर बसला, मग फादरांच्या खांद्यावर. फादर बाकड्यावरून मागे पडले. बायका पोरांना घेऊन चाळीत पळाल्या. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता, तोही पळाला. ती क्लिप नंतर सगळीकडे फिरली. तिच्यात मी पाठीत पाइप खाताना दिसतो आणि तिथेच ती संपते.

पुढचं सांगतो. पाठीत पाइप बसला तेव्हा श्वासच अडकला. दुसरा फटका कानावर आला. तोंडात रक्त आलं, एक दाढ जिभेवर सुटी झाली, ती मी गिळली. दोघे मोठा हातोडा घेऊन क्रूसावर चढले होते. क्रूसाचा डावा हात तुटून खाली आला आणि माझ्या नव्या लादीचे चार तुकडे झाले. ‘सर्वांसाठी’ हा शब्द मधोमध फुटला. तीन दिवस बसून कोरला होता मी तो. चौथा माझ्या अंगावर धावून आला. मी पिशवीत हात घातला आणि हाताला हातोडी लागली. चण्यांचं पातेलं उलटलं होतं, सगळीकडे चणे. त्यावरून त्याचा पाय सरकला आणि पडता पडता त्यानं माझी मानगूट धरली. मी त्याच्या मनगटावर घाव घातला. हात सुटला. तो खाली कोसळला.

हा पहिला घाव. त्याबद्दल मला झोप न येण्याचं कारण नाही.

तो पालथा पडला होता, उजवा हात पायरीवर पसरलेला. त्याच्या नखांत सोनेरी रंग होता. आमच्या गल्लीच्या पलीकडे गणपतीचे कारखाने आहेत. अक्षय तृतीया झाली की तिथे कामं जोरात सुरू होतात, आणि असा सोनेरी रंग तिथल्या रंगाऱ्यांच्याच नखांत असतो. हा कारागिराचा हात आहे हे मला कळलं. तो उठत नव्हता. “नको रे, आई गं,” असं म्हणत होता. मला कळलं, मी ऐकलं, आणि मग मी दुसऱ्यांदा मारलं. मनगटावरच. पायरीच्या दगडावर ठेवून, ऐरणीवर मारतात तसं. आवाज आला तो तेव्हा.

मान वर केली तर मावशी दारात उभी. तिनं माझ्या हातातून हातोडी घेतली, रिकाम्या डब्याच्या पिशवीत टाकली आणि आपल्या पदरानं माझा कान दाबून धरला. बाकीचे तिघे चाळीतली माणसं धावून येताना बघून पळाले. दुसऱ्या दिवशी पकडले गेले.

पोलिसांनी विचारलं, याच्या हाताला काय झालं? मी म्हणालो, चण्यांवरून घसरला, पायरीवर पडला. त्यांनी लिहून घेतलं. तो हॉस्पिटलमधून सांगत होता की लादीवाल्यानं हातोडी मारली, तर हवालदार हसले. क्लिप सगळ्यांनी पाहिली होती. मार कुणी खाल्ला ते सगळ्यांना माहीत होतं.

मी एकदम मोठा माणूस झालो. चर्चमध्ये लोक हात हातात घ्यायचे. शेठनं पगारी सुट्टी दिली. कुणी मोसंबी आणून दिली. मी प्रत्येकाचे आभार मानत होतो आणि प्रत्येक वेळी जीभ दाढेच्या रिकाम्या जागेत जात होती.

मग एका सकाळी त्याची आई कारखान्यात आली. बारीक बाई, हातात औषधांची प्लॅस्टिकची पिशवी. शेठ तिला हाकलणार होता. ती म्हणाली, “मी भांडायला नाही आले. त्यानं केलं ते वाईटच केलं. तो डोळ्यांची आखणी करतो, मूर्तीच्या. डॉक्टर म्हणतात बोटं वळणार नाहीत. तो म्हणतो तू मारलंस. मला फक्त सांग, मारलंस का?”

मी म्हणालो, “नाही.”

तिनं औषधांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “बरं,” आणि गेली.

त्या शनिवारी मी चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे पाप कबूल करायला गेलो. जाळीच्या पलीकडे फादर, खांद्याला पट्टा. सगळं सांगितलं. दोन घाव, सोनेरी रंग, ‘नको रे’, आणि तिच्या तोंडावर बोललेलं खोटं. 

“तुला पश्चात्ताप आहे?”

“आहे.”

“देव तुला क्षमा करतो. पोलिसांत गेलास तरच क्षमा, अशी अट मी घालू शकत नाही. घालणारही नाही. मारून तुझ्यात काही घालायचं नाही, मग धाक दाखवूनही नाही. पण तू उगारलेला हात आणि त्याचा मोडलेला हात, दोन्ही अजून रस्त्यावरच आहेत. त्यांचं काय करायचं ते तू मोकळेपणानं ठरव.”

कन्फेशनमधलं फादर बाहेर कुणाला सांगत नाहीत, हे मला लहानपणापासून पाठ होतं. जीव गेला तरी नाही. तरीही मी मनात धरून बसलो होतो की ते काहीतरी करतील. आडून पोलिसांना सुचवतील, निदान मला एकट्याला गाठून म्हणतील, चल, मी येतो बरोबर. दुसऱ्या दिवशी मिस्साच्या प्रार्थनेनंतर ते भेटले, हात अजून गळ्यात बांधलेला. “चहा घेतलास का? नवी लादी कधी बसवतोस?” एवढंच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शोधत होतो. राग तरी दिसावा. काहीच नव्हतं, जसं मी कधी बोललोच नाही. नऊ दिवस मी त्यांच्यावर मनातल्या मनात जळत होतो. कारखान्याबाहेर बूट वाजले की पोलीस आले वाटायचं, आणि आले नाहीत की फादरांचा राग यायचा. बाहेरून कुणीतरी दार फोडावं, म्हणजे मला कडी काढायला नको, असं चाललं होतं माझं.

मावशीनं एकदा डबा देताना विचारलं, “तुज्या पाद्र्याक सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मगे? काय म्हणालो?”

“तिथे बोलले. बाहेर काहीच नाही. ऐकलंच नाही असं वागतात.”

मावशीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. “मगे चांगलो माणूस आसा तो.” थोड्या वेळानं म्हणाली, “हातोडी माज्याकडेन आसा. तांदळाच्या डब्यात. माका कोणी इचारल्यानी तर सांगतलंय. नाय इचारल्यानी तर नाय. तुज्यासाठी खोटा बोलाचंय नाय मी, झिला. तुका पेज घातली म्हणान काय झाला?”

त्या रविवारी दादरला एका हॉलमध्ये सभा ठरली होती. क्रूस पाडल्याच्या निषेधाची, सगळ्या धर्मांची माणसं येणार होती. मला मंचावर बसवायचं होतं. चर्चच्या समितीच्या सेक्रेटरींनी माझं भाषण टाइप करून आणलं. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, फार कळकळीचे. म्हणाले, “दोनच मिनिटांचं आहे. सावकाश वाच. लोक तुझं ऐकायला येणार आहेत.”

मी कागद वाचला. मी अक्षरं सुटी सुटी वाचतो, सवयच झालीय. तिसरी ओळ होती: ‘त्यांनी आमच्यावर हात उचलला. आम्ही कुणावरही हात उचलला नाही.’

“साहेब, ही ओळ काढता येईल का?”

“अरे, तीच तर मुख्य ओळ आहे!” ते म्हणाले. “त्याच्यावरच सगळं उभं आहे. आपण वेगळे कसे, ते तिथेच कळतं.”

ते गेल्यावर मी तो कागद समोर ठेवून बसलो. भीती होतीच. तुरुंग, शेठची नोकरी, गावाला कळणं. बाप म्हणेल, मास्तर बरोबर होते. आणि चर्चमधली ती माणसं, ज्यांची मोसंबी मी खाल्ली होती. त्यांची बाजू माझ्यामुळे पडणार होती. पण हॉलमध्ये उभं राहून, सगळ्यांना भीतीशिवाय देवाकडे जाता यावं असं मी सांगणार, आणि तिकडे एका बाईला मुलाचं खरं ऐकूनही त्याला खोटा म्हणायला लावणार. ते मला जमण्यातलं नव्हतं. कुणी जबरदस्ती केली असती तर एक वेळ जमलं असतं, मुकाट्यानं वाचला असता कागद. पण कुणीच करत नव्हतं. फादर चहाच विचारत होते.

रविवारी सकाळी मी मावशीच्या दारात गेलो. “हातोडी दे.”

तिनं तांदळात हात घातला, हातोडी काढली, फुंकर मारून पदराला पुसली, आणि मग आपली चप्पल पायात सरकवली.

“तू कशाला?”

“हातोडी माज्या घरात होती. ता पण लिहून घेवक होया ना? चल, डबे राहिलेत माजे.”

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी मला लगेच ओळखलं. “या हिरो! आज सभा ना तुमची?” मी पिशवीतून हातोडी काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं. त्यांचं हसू हळूहळू गेलं. उठून त्यांनी दार लोटलं.

“डोकं फिरलंय का तुझं? चौघांविरुद्ध पक्की केस आहे. क्लिप आहे, फादरांचा जबाब आहे. आता तू येऊन त्यांच्या वकिलाच्या हातात कोलीत देतोस?”

“त्यांनी केलं ते केलंच, साहेब. ते सुटावेत म्हणून मी नाही आलो.”

“कुणी दम दिला का? त्यांच्यातल्या कुणी? की पाद्रीबाबांनी पाठवलं?”

“कुणी नाही.”

त्यांनी मावशीकडे पाहिलं. “आजी, तुम्ही तरी समजवा.”

“मी कित्याक समजवू?” मावशी म्हणाली. “त्याका समाजला म्हणान तर तो इलो.”

साहेबांनी कपाळ चोळलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “हे बघ, तुझी मान धरली होती त्यानं. जीव वाचवायला मारलंस. स्वसंरक्षणार्थ हातोडीचा घाव घातला, असं लिहितो. फार काही होणार नाही. ठीक?” हवालदारानं कागद ओढला आणि लिहायला घेतलं. पंखा गरगरत होता, कागद उडू नये म्हणून त्यानं माझी हातोडीच त्यावर ठेवली. लिहून झाल्यावर कागद माझ्यासमोर सरकवला. “घे, कर सही.”

मी वाचायला लागलो. एकेक अक्षर, सावकाश. हवालदार पेन आपटत होता. बाहेर सभेला निघालेल्या आमच्या चर्चच्या लोकांची बस सिग्नलला थांबली होती, आतून गाणं ऐकू येत होतं. मी ओळीवर बोट ठेवलं.

“साहेब, इथे एकच घाव लिहिलाय.”

“मग?”

“दोन होते. दुसऱ्या वेळी त्यानं मान धरली नव्हती. तो खाली पडला होता आणि नको म्हणत होता.”

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. “हे लिहिलं की ते स्वसंरक्षण राहत नाही. कळतंय ना तुला?”

माझा हात भुवईवर गेला होता. मी तो खाली घेतला.

“कळतंय. लिहा.”